सातव्या दिवसाचा गहू

देवमाळला जायचं तर आता कुणाला रस्ता विचारावा लागत नव्हता. वारणेकाठचा चढ संपला की कमान दिसायची, आणि कमानीवर हातभर उंचीची अक्षरं : ‘तांबेऱ्याला हरवणाऱ्या गव्हाचं गाव’. दोन्ही खांबांवर सिमेंटच्या ओंब्या होत्या. त्या मक्याच्या कणसांसारख्या दिसतात असं बाहेरची माणसं म्हणायची. देवमाळची माणसं म्हणायची, बघणाऱ्यानं कधी गहूच पाहिलेला नाही.

ही कमान उभी राहिली ती निवृत्तीबुवा माळवद्यांच्या लेकीमुळं. बुवा म्हणजे पंचक्रोशीतलं कीर्तनाचं घर. सत्तरी गाठली तरी आवाज असा, की मंडपाच्या शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्याच्या शेजारी तो जाऊन बसायचा आणि त्याला हळूच जागं करायचा. लेक गौतमी वाईजवळच्या एका बीजकेंद्रात नोंदणीचं काम बघायची. जुन्या बियाण्यांच्या पुड्या, त्यांची पिवळी पडलेली कार्डं, कुठली पुडी कुठल्या गावची, हे सगळं यंत्राला भरवणं हे तिचं काम. ती शास्त्रज्ञ नव्हती, आणि तसं ती सांगायचीही. पण ‘आमची गौतमी शास्त्रज्ञ हाय’ यापुढं गाव काही ऐकून घेत नसे, आणि बुवा तर मुळीच नाही.

आता तांबेरा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं.

गव्हाचा तो फार जुना वैरी. खोडावर, पानावर विटकरी पूड धरते. ती पूड म्हणजे एका बुरशीचे बीजाणू, एकेकटा डोळ्याला दिसणारही नाही इतका बारीक. दक्षिणेच्या उंच डोंगरांत हे बीजाणू वर्षभर तग धरतात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी वाऱ्यावर बसून उत्तरेकडं निघतात. शेतकरी आणि तांबेरा यांची ही लढाई चालत आलेली. पण २०४१ च्या हिवाळ्यात जो तांबेरा आला तो निराळाच होता. बाजारातल्या सगळ्या गव्हांच्या अंगात संरक्षण करणारी तीच तीन-चार जनुकं होती, आणि नव्या तांबेऱ्याला ती सगळी कुलपं उघडता येत होती. शास्त्रज्ञांनी त्याला आकडा दिला. शेतकऱ्यांनी त्याला ‘जळक्या’ म्हटलं. दोन हिवाळे देशातल्या निम्म्या गव्हाचं खोड काळं पडून आडवं झालं, आणि पोळीच्या घरात भाकरी आली.

बीजकेंद्राचे डॉ. हबीब मुजावर हे मूळचे मिरजेचे. त्यांनी एक साधी गोष्ट पकडली. बीजाणू पानावर पडला म्हणून रोग होत नाही. पान सलग सहा-आठ तास ओलं राहिलं तरच तो रुजतो. म्हणजे जिथं हिवाळ्यात दव उशिरापर्यंत टिकतं, तिथं तांबेरा वर्षानुवर्षं मुक्कामाला असणारच. आणि जिथं तो मुक्कामाला असतो, तिथल्या देशी गव्हानं पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याशी झुंज घेतलेली असणार. जे झाड हरलं त्याच्या ओंबीत दाणा भरला नाही. ज्याचा भरला, तेच पुढच्या साली मातीत गेलं. कुणी शाळा घातली नाही, पण गहू शिकला.

यावर मुजावरांनी ‘दवनकाशा’ उभा केला. शंभर वर्षांच्या हवामानाच्या नोंदी, उपग्रहांनी टिपलेलं धुकं आणि डोंगर-नद्यांचे चढउतार एकत्र करून यंत्र सांगायचं, की अमुक गावच्या अमुक शिवारात माघ महिन्यात पान किती वेळ ओलं राहत होतं. ओलं ते निळं, कोरडं ते पिवळं. मग गेल्या शतकात गोळा केलेल्या चार हजार देशी गव्हांच्या टाचण्या त्यावर टोचल्या. जळक्यापुढं उभा राहिला तो हिरवा, आडवा झाला तो काळा. हिरव्या टाचण्या निळ्या खोऱ्यांतून तुळशीच्या मण्यांसारख्या ओवल्या गेल्या.

एकच मणी भलत्या जागी होता. सगळ्यांत हिरवा, आणि ऐन पिवळ्या माळावर. देवमाळचा.

पुडीत खपलीचे चाळीस दाणे होते. खपली म्हणजे टरफल न सोडणारा जुना गहू. मळणीत तो सुटत नाही, उखळात कांडावा लागतो. पाऊणशे वर्षांपूर्वीच्या त्या चाळीस दाण्यांतले नऊ रुजले, आणि नऊच्या नऊ झाडांवर जळक्याचा एक ठिपका धरला नाही. बातमी आली, कमान आली, आणि बुवांच्या प्रत्येक कीर्तनात गहू आला. निरूपण कुठल्याही अभंगाचं असो, गाडी फिरत फिरत देवमाळच्या शिवारात यायचीच. टाळकरी एकमेकांना कोपरानं ढोसायचे, “आली बघ पेरणी.”

पण मुजावर खूश नव्हते.

“नऊ झाडांत दोनच जनुकं मिळाली,” ते गौतमीला म्हणाले. “दोन जनुकांचा गहू जळक्या चार वर्षांत फोडेल. पाच-सहा एकावर एक असली, तर नातवंडांपर्यंत टिकेल. गावातली नऊ माणसं भेटली म्हणून गाव कळलं असं होतं का? मला अख्खं शिवार पाहिजे, जिथं ही खपली आणि तांबेरा शेकडो वर्षं एकत्र नांदलेत. आणि तुमच्या देवमाळात तर खपली नाही.”

नव्हतीच. दोन हंगाम शोधून दोन कणग्यांच्या तळाशी थोडी मिळाली होती, तीही चाचणीत काळीठिक्कर पडली.

“सप्ताह संपल्यावर चौथ्या दिवशी सगळ्या देशातले तज्ज्ञ बसणार आहेत,” मुजावर म्हणाले. “पुढच्या पाच वर्षांत कुठल्या बियाण्यावर काम करायचं ते ठरेल. शिवार सापडलं नाही, तर देवमाळची टाचणी ‘चुकीची नोंद’ म्हणून उपटून टाकतील. एक तर यंत्र चुकलंय, नाहीतर कागद. यंत्राचं मी बघतो. कागद तुझा.”

गौतमीनं मूळ कार्ड काढलं. गेल्या शतकातल्या कुणा गोळा करणाऱ्याचं टापटीप अक्षर : ‘खपली. फेब्रुवारी १९६९. देवमाळ.’ हे तिनंच यंत्रात भरलेलं होतं. मग तिनं कार्ड उलटं केलं. मागं पेन्सिलीची एक पुसट ओळ होती : ‘देवळाचं कोठार, सातवं पोतं.’ यंत्राच्या तक्त्यात या ओळीला रकानाच नव्हता, म्हणून ती कुणी वाचली नव्हती.

गौतमीचा चेहरा उजळला. दुसऱ्या कुणाला ही ओळ कळली नसती. देवमाळच्या लेकीला कळली. माघात देवमाळच्या देवळात हरिनामाचा सप्ताह बसतो. सात दिवस, सात गावं. प्रत्येक दिवसाच्या पंगतीचा गहू एका गावाचा. कोठारात सात कोनाडे आहेत, आणि देवाच्या बाजूनं मोजत प्रत्येक गाव आपल्या दिवसाच्या कोनाड्याखाली पोतं ठेवतं. सातवा दिवस काल्याचा, त्या दिवशी गव्हाची खीर, आणि सातवा मान देवमाळचा स्वतःचा. लहानपणापासून ती तेच बघत आली होती. म्हणजे नोंद बरोबर होती. शोधणारे कमी पडले होते, इतकंच.

ती रजा घेऊन निघाली तेव्हा सप्ताहाचा तिसरा दिवस होता.

बुवा कोठाराच्या ओट्यावर वीणेकऱ्याशी बोलत बसले होते. पलीकडं बायका सुपांतून गहू निवडत होत्या. गौतमीनं पाया पडून कार्डच पुढं केलं.

“अण्णा, मागची ओळ बघा. सातवं पोतं. म्हणजे आपलंच की.”

बुवांनी चष्मा लावला. ओळ वाचली. चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला.

“सन कुठला म्हणालीस?”

“एकोणसत्तर.”

“हं. चहा घेतलास का?”

“अण्णा, मी काय सांगतेय?”

“ऐकलं गं. सातवं पोतं. चहा घे आधी.”

त्या संध्याकाळी बुवांचं कीर्तन दोन तास रंगलं, पण त्यात गहू आला नाही. प्रसाद घेताना पखवाजवाला म्हणाला, “बुवा, आज पेरणी राहिली वाटतं.” सगळे हसले. बुवाही हसले, पण त्यांचे डोळे लेकीकडं नव्हते.

दुसऱ्या दिवशी काकडा झाल्यावर त्यांनी गौतमीला कोठारात बोलावलं. सात कोनाडे, सात पणत्या, खाली पोती. बुवा सातव्याशी जाऊन उभे राहिले.

“एकोणसत्तर साली हे पोतं आपलं नव्हतं,” ते म्हणाले. “आपलं तेव्हा चौथं, जे आता आपली वाडी भरते. सातवा मान बेलडोहाचा.”

बेलडोह म्हणजे माळाच्या पायथ्याशी, नदीच्या वळणात बसलेलं गाव. सात किलोमीटर उतार. गौतमीनं ते गाव फक्त बसच्या पाटीवर पाहिलं होतं. सप्ताहाला तिथलं कुणी कधी आल्याचं तिला आठवत नव्हतं.

“दोन हजार एक साल,” बुवा सांगू लागले. “मी पंचवीस वर्षांचा. नुकतंच कोठार माझ्या हातात आलं होतं. पंचविशीत माणूस फार शहाणा असतो. बेलडोहाची गाडी आली, खपलीचं पोतं घेऊन. मी हात घातला. ओलसर लागलं. टरफल काळपट, वास कुबट. आपल्याकडं तोवर गिरणीचा पॉलिश केलेला पांढराशुभ्र गहू यायला लागला होता. मी चारचौघांत म्हणालो, असला ओला गहू देवाला चालायचा नाही. गाडी उंबऱ्यावरून परत फिरवली, आणि काल्याला आपलं पोतं ठेवलं. कुणी काही बोललं नाही. बेलडोह पुन्हा चढ चढलं नाही. आणि मी त्याच साली कीर्तनाला उभा राहिलो. लोकांना सांगायला लागलो, भेदभाव ठेवू नका.”

गौतमीनं पिशवीतली पडद्याची पाटी काढून तिच्यावर दवनकाशा उघडला. देवमाळ पिवळं. बोट उताराला लागलं, नदीच्या वळणावर आलं. पूर्वेला सरळसोट कडा. सूर्य दहा वाजता शिवारात उतरत असणार. बेलडोहाचा रंग इतका गडद निळा होता, की गावाचं नाव वाचायला पडदा डोळ्यांशी न्यावा लागला. टाचणी सात किलोमीटर सरकली असती, तर माळेत नेमकी बसली असती.

“निळं म्हणजे काय?” बुवांनी विचारलं.

“निळं म्हणजे,” ती म्हणाली, “तुम्ही ज्याला ओला म्हणालात ते.”

बुवा पोत्यावर बसले. मग म्हणाले, “हे मी तुला न सांगताही चाललं असतं. रात्रभर तेच मनात होतं. मी गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं.”

“मग का सांगितलंत?”

“तो ऐकत होता ना,” बुवांनी गाभाऱ्याकडं मान वळवली. “तुला फसवता आलं असतं, पोरी. त्याला काय सांगू?”

गौतमी त्याच सकाळी बेलडोहात उतरली. साडेनऊ झाले होते आणि कड्याच्या सावलीत शिवार अजून भिजलेलं होतं. चालताना तिच्या सलवारीच्या कडा ओल्या झाल्या. ऊस, भाजीपाला, पुन्हा ऊस. आणि नदीलगत एका मोठ्या पट्टीत खपली उभी होती. गौतमी वाकली. पानांवर कुठं कुठं विटकरी ठिपके होते, अगदी जळक्याचेच. पण ठिपक्याभोवती पानानं फिकट कडं धरलं होतं, आणि ठिपका तिथंच अडकून पडला होता. खोडं ताठ होती. ओंब्या वजनानं झुकल्या होत्या.

“कुणाची गं तू?” बांधावरून आवाज आला.

ऐंशीच्या पुढची म्हातारी, हातात विळा, डोक्यावर पदर. गोदाक्का पाटील. पट्टी तिचीच होती.

“देवमाळची. निवृत्तीबुवांची लेक.”

विळा थांबला. “हां. कमानवालं गाव. इथनं दिसती की. त्या सिमिटाच्या कणसांवर कावळं बसत्यात आणि दाणं न्हाईत म्हणून शिव्या घालत उठून जात्यात.”

गौतमीला हसू आवरलं नाही. मग तिनं बांधावर बसून सगळं सांगितलं. दव, बीजाणू, नऊ झाडं, कार्डाची मागची ओळ. गोदाक्का विळा मांडीवर ठेवून ऐकत होती.

“म्हंजे,” शेवटी ती म्हणाली, “धुक्यानं रोज ह्याला मारलं, आणि मार खाऊन खाऊन ह्यो शाणा झाला.”

“अगदी तसंच.”

“आमच्या बायकांगत.”

“आक्का, बाकी सगळ्यांनी खपली सोडली. तुम्ही का ठेवलीत?”

“मान हाय न्हवं आमचा. सातव्या दिवसाचा. मी त्या गाडीत पोत्यावर बसून आल्ते. सासरं म्हाताऱ्या डोळ्यांनी रडलं वाटंत. पर त्यांनी सांगितलं, त्यांनी घ्यायचा सोडला, आपण द्यायचा सोडायचा न्हाई. तवापासनं दर साली सप्त्याच्या सहाव्या दिवशी एक पोतं भरून माळाकडं तोंड करून ठिवतो. सातव्या दिवशी त्याचीच खीर करून गावाला वाढतो. देव वर हाय, वास जात आसंल त्याला.”

गौतमीनं एक ओंबी हळूच तळहातावर घेतली. पाच वर्षं तिनं यंत्राला हजारो कार्डं भरवली होती. चार हजार पुड्या थंड खोलीत ठेवून जे जपायला यंत्रं लागली, ते एका गावानं अपमान पोटात घालून, देवाच्या नावानं पेरत ठेवलं होतं.

“आक्का, बियाणं द्याल का?”

“सगळं शिवार देईन. पर तुला न्हाई. ज्यानं परत धाडलं त्यानं मागाय यावं.”

चढ चढताना तिनं मुजावरांना फोन लावला. ते ऐकून लहान मुलासारखे हसले. मग थोडं थांबून म्हणाले, “गौतमी, पाच ओंब्या पुरतील मला. बांधावर पडलेल्या असतील की नाही चार-पाच?”

“पडलेल्या नाहीत सर.”

“बैठक गुरुवारी आहे.”

“सर, पहिल्या वेळेलाही कुणीतरी शेतकऱ्याला न विचारता कोठारातनं उचललं. म्हणून तर पाऊणशे वर्षं भलतं गाव लागलं.”

“खरं आहे,” मुजावर म्हणाले. “विसर मी बोललेलं. बुवांना माझा नमस्कार सांग.”

बुवांनी गोदाक्काचा निरोप ऐकला आणि मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते गौतमीला कळलं नाही. संध्याकाळी सरपंच रणजित आला. “बुवा, काल्याला पाहुणे हायत, क्यामेरे हायत. गव्हाचं जरा दणक्यात होऊ द्या.” बुवा म्हणाले, “होऊ दे.” एवढंच.

काल्याच्या दिवशी मंडप भरून बाहेर रस्त्यापर्यंत माणूस बसलं होतं. मधोमध दह्या-पोह्यांची हंडी टांगलेली. बुवा उभे राहिले. पांढरा फेटा, गळ्यात हार, हातात टाळ. नामाचा गजर झाला तेव्हा मंडपाची कनात हलली. मग त्यांनी काल्याची कथा घेतली. रानात गोपाळांनी आपापली शिदोरी सोडली, कुणाची भाकरी, कुणाचा ताक-भात, कुणाची नुसती मीठ-मिरची; देवानं सगळी एकत्र केली आणि सगळ्यांना सारखी वाढली. लोक डोलत होते. गौतमी बायकांच्या रांगेत, पुढं बसली होती.

“आता एक सांगा,” बुवा थांबले. पखवाजही थांबला. “एका गोपाळाची शिदोरी आलीच नसती, तर देवानं काल्याला हात घातला असता?”

“न्हाई,” मंडप म्हणाला.

“आणि एखाद्यानं ती दारातून परत पाठवली असती तर?”

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या.

“चव्वेचाळीस काले झाले, आपण एका घराची शिदोरी कमी ठेवून हंडी फोडतोय. पंचेचाळिसावा आज. ती शिदोरी मी परत पाठवली. या हातानं.” त्यांनी उजवा हात वर केला. मग शांतपणे सगळं सांगितलं. ओला गहू, फिरलेली गाडी, सातवा कोनाडा. नाटक केलं नाही, डोळे पुसले नाहीत. “जळक्याला हरवणारा गहू आपला नाही. तो बेलडोहाचा आहे. मी ज्याला ओला म्हटलं त्या दवानंच त्याला एवढं बळ दिलं. आणि दोन वर्षं मी दुसऱ्याच्या पोराचं बारसं आपल्या घरी करत होतो.”

कॅमेरेवाले एकमेकांकडं बघू लागले. रणजित अर्धवट उठला. “बुवा, मग कमानीचं काय?”

“कमानीला कोण हात लावतंय? अक्षरं बदलू. सात गावांचं धान्य एका छपराखाली येतं ते हे गाव. एवढ्या अभिमानावर कुणाचंही पोट भरेल, रणजितराव.” मग त्यांनी कोनाड्याखालचं रिकामं पोतं मागवलं आणि खांद्यावर टाकलं. “हंडी आज उशिरा फुटेल. ज्याला भूक असेल त्यानं बसावं. मी शिदोरी आणायला चाललो.”

ते मंडपातून उतरले. गौतमी उठून शेजारी चालू लागली. कमानीपाशी येईपर्यंत तिनं मागं बघितलं नाही. बघितलं तेव्हा वीणेकरी मागं होता, त्याच्या मागं टाळकरी, आणि त्यांच्या मागं रणजित, डोक्यावरचा फेटा काढून काखेत धरलेला.

गोदाक्काच्या अंगणात उखळ चालू होतं. बायका आळीपाळीनं खपली कांडत होत्या. चुलीवर मोठ्या हंड्यात गूळ विरघळत होता. बुवांनी रिकामं पोतं म्हातारीच्या पायांशी ठेवलं.

“आक्का, सातवं पोतं मागायला आलोय.”

गोदाक्कानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “वला हाय हं, निवृत्ती.”

“असू दे.”

“वास बी येतोय कुबट.”

“दवाचा आहे. तेव्हा मला ओळखता आला नाही.”

गोदाक्का उठली, मुसळ घेतलं आणि बुवांच्या हातात दिलं. “मग उभा का? कांड जरा. एवढी माणसं आणलीस, खीर पुरायची न्हाई.”

बुवांनी उपरणं कमरेला बांधलं आणि मुसळ उचललं. पहिला घाव उखळाच्या काठावर बसला. बायका खुदकन हसल्या. दुसरा नीट पडला. तिसऱ्याला त्यांनी हलकेच नाम धरलं, मुसळाच्या तालावर, आणि गोदाक्कानं ते आपल्या फाटक्या आवाजात उचललं. मग टाळ वाजले. गौतमी आयुष्यभर वडिलांचं कीर्तन ऐकत आली होती. मान वर करून मिरवावं असं तिला त्या घटकेला जेवढं वाटलं तेवढं कधी वाटलं नव्हतं. उन्हं कलता कलता बेलडोह चढ चढून आलं, सातव्या कोनाड्याखाली पोतं बसलं, आणि हंडी फुटली. खीर दोन्ही गावांना पुरली.

दुसऱ्या दिवशी मुजावर स्वतः आले. गोदाक्कानं संमतीपत्रावर सही केली, अंगठा नाही. तेही तिनं दाखवून केलं. मुजावरांच्या गाडीत पानाच्या तुकड्यातली जनुकं वाचणारी पेटी होती. पट्टीच्या सगळ्या कोपऱ्यांतून तीनशे झाडांची पानं घेतली. एका वेळी दहा पानं, आणि त्यांना चाळीस मिनिटं. दोन दिवस बांधावरच मुक्काम पडला, आणि डबा रोज गोदाक्काच्या घरून आला. शेवटी मुजावर पडद्यासमोर उकिडवे बसले.

“सहा,” ते म्हणाले. “आणि त्यातली दोन अजून जगात कुणाला माहीत नाहीत. एकेका झाडात नाहीत सहाच्या सहा, पण शिवारात आहेत. जळक्यानं एक फोडलं तरी शेजारचं झाड उभं राहतं. म्हणूनच हे शिवार पडलं नाही.”

“गावासारखं,” गौतमी म्हणाली.

“गावासारखं. चांगल्या गावासारखं.”

गुरुवारच्या बैठकीत टाचणी उपटली गेली नाही. ती सात किलोमीटर सरकली. आणि यंत्राच्या तक्त्यात गौतमीनं एक नवा रकाना घातला : ‘हे धान्य कुणी, कुणासाठी आणलं होतं?’ मुजावरांनी तो देशातल्या सगळ्या बीजकेंद्रांना पाठवला. त्या एका रकान्यामुळं वर्षभरात आणखी अकरा टाचण्या हलल्या. बाजारातून, देवळांतून, लग्नाच्या रुखवतातून उचललेले नमुने आपापल्या खऱ्या शिवारात गेले, आणि प्रत्येक वेळी दवनकाशाच बरोबर निघाला.

पुढच्या माघात सहाव्या दिवशी बेलडोहाची गाडी कोठाराच्या उंबऱ्याशी थांबली. गोदाक्का पोत्यावरच बसून आली होती. बुवा पुढं झाले, पोत्याचं तोंड सोडलं आणि कोपरापर्यंत हात घातला.

“ओलसर आहे,” बुवा म्हणाले.

“मग? फिरवू गाडी?”

बुवांनी पोत्याला खाली हात घातला. पखवाजवाला धावला, त्याला त्यांनी मानेनंच थांबवलं. गौतमीनं दुसरी बाजू धरली. बाप-लेकीनं ते पोतं उचललं, सहा कोनाडे ओलांडले आणि सातव्याच्या पणतीखाली उभं केलं. मग बुवांनी हात वर आणला. बोटांना दवाचा ओलावा आणि टरफलाची काळपट धूळ लागली होती. ती त्यांनी बुक्क्यासारखी कपाळाला लावली.